सक्तीची शाळा आणि मुलाचे हृदय

नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. बडोद्याच्या गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत असे. त्या घरात १८६३ साली जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत शेतात आणि रानातच वाढला. अक्षरओळख अशी त्यास जवळजवळ नव्हतीच. १८७५ च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी त्यास दत्तक घेतले, आणि कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला.

ज्यास स्वतःला बारा वर्षे शाळा कशी ती ठाऊक नव्हती, त्याच राजाने पुढे आपल्या प्रजेच्या प्रत्येक मुलास शाळेत बसविण्याचा कायदा केला. १८९३ साली अमरेली भागातील दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तोच नियम साऱ्या संस्थानास लागू झाला. मुलग्यांस सात ते बारा व मुलींस सात ते दहा वर्षे ह्या वयात शाळेत गेलेच पाहिजे, न गेल्यास पालकांस दंड, असा तो कायदा होता. ब्रिटिश मुलुखात असे काही व्हावे म्हणून नामदार गोखले ह्यांनी १९११ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणले. ते पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात व १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांच्या हद्दीत तीच वाट धरली. हा सर्व इतिहास सुशिक्षित घरांतून परिचित आहे.

परिचित नाही ती त्याच्या पाठोपाठची एक गोष्ट. १९०९ साली बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ ह्याच तपासणीपासून मोजला जातो. सक्तीचा कायदा १९०६ चा आणि तपासणी १९०९ ची. दोहोंमध्ये अंतर अवघे तीन वर्षांचे. ह्यास कोणी योगायोग म्हणेल. पण तो निव्वळ योगायोग मानण्यास मन सहज तयार होत नाही. सक्तीच्या पोटातच एक जबाबदारी दडलेली असते. मूल घरी आहे तोवर त्याच्या जिवाची काळजी आईबापांची. परंतु सरकार दंडाचे भय घालून तेच मूल आईबापांच्या नजरेआड रोज पाच-सहा तास आपल्या छपराखाली नेऊन बसविते, तेव्हा तेवढ्या तासांपुरते त्याचे आईबाप कोण? इंग्लंडात शाळेची सक्ती १८८० साली झाली. बोअर युद्धासाठी भरतीस आलेल्या तरुणांपैकी पुष्कळसे शरीराने अगदीच निकृष्ट निघाले, तेव्हा तेथील मुत्सद्द्यांचे डोळे उघडले आणि १९०७ साली शाळांतील मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. म्हणजे इंग्लंडास जे उमगावयास सत्तावीस वर्षे व एक लढाई लागली, ते बडोद्याने तीन वर्षांत ओळखले. अर्थात बडोद्याची तपासणी एका शहरापुरती होती; तिचा फार डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण कायदा आणि कर्तव्य ह्यांचा सांधा तेथे प्रथम जुळला, एवढे खरे.

ह्यानंतर जे नाव येते तेही नाशिकचेच. सर जोसेफ भोर ह्यांचा जन्म १८७८ साली नाशिक शहरात झाला. पुण्यास व विलायतेस शिकून ते सनदी नोकरीत शिरले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. ते डॉक्टर नव्हते. तरीही आज त्यांचे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असते, कारण १९४३ साली सरकारने साऱ्या देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांजकडे होते. १९४६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वतंत्र भारताची प्राथमिक आरोग्य केंद्रे ह्याच अहवालातून उगवली. त्यात शाळेतील मुलांच्या आरोग्यावरही विवेचन आहे आणि त्याचा मथितार्थ मोठा खेदजनक आहे: शालेय आरोग्यसेवा ह्या देशात जवळजवळ नाहीच, आणि जेथे आहे तेथे ती बाल्यावस्थेत आहे. बडोद्याच्या तपासणीस तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती.

१९४६ हे भोर अहवालाचे वर्ष. त्याच्या पुढील दोन वर्षांत दोन घटना घडल्या, एक अमेरिकेत व एक येथे, आणि शाळेतील मुलाच्या हृदयाशी त्या दोहोंचाही निकटचा संबंध आहे. मात्र कोणी त्या आजवर एकत्र मांडून पाहिलेल्या दिसत नाहीत.

पहिली घटना १९४७ ची. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी डॉक्टर क्लॉड बेक हे चौदा वर्षांच्या एका मुलाच्या छातीच्या व्यंगावर शस्त्रक्रिया करीत होते. शस्त्रक्रिया आटोपत आली असता मुलाचे हृदय अकस्मात थांबले. थांबले म्हणण्यापेक्षा ते थरथरू लागले असे म्हणणे अधिक बरोबर; कारण अशा वेळी हृदयाचे स्नायू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी जो तो आपापल्या परीने नुसता फडफडतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. बेक ह्यांनी छाती पुन्हा उघडली, हृदय हाती घेऊन ते कितीतरी वेळ चोळले व दाबले, आणि अखेर विजेचे दोन पत्रे त्यास लावून धक्का दिला. हृदयाचा ताल परत आला. मुलगा जगला. मनुष्याच्या हृदयास विजेचा धक्का देऊन ते पुन्हा चालू केल्याचे हे पहिले यशस्वी उदाहरण, आणि त्याचा नायक ऐन शाळकरी वयाचा मुलगा होता.

दुसरी घटना १९४८ ची आणि आपल्याकडील. त्या वर्षी कारखान्यांचा नवा कायदा झाला. त्याच्या ४५ व्या कलमाने असे ठरविले की, दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचाराची पेटी असावी. ती पेटी अशा एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी, की ज्याजवळ प्रथमोपचाराचे सरकारमान्य प्रमाणपत्र आहे. आणि तो माणूस कामाच्या साऱ्या वेळात हाकेच्या अंतरावर असावा. पाचशेहून अधिक कामगार असतील तर शुश्रूषेची स्वतंत्र खोली हवी. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी श्रमसंहिता अंमलात आली आणि १९४८ चा कायदा मागे पडला, तरी पेटीची आज्ञा नव्या संहितेतही राहिली आहे. ह्या कलमाचे मर्म पेटीपेक्षा माणसात होते, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. आयोडीन आणि पट्ट्या कोणीही विकत आणील. त्यांचा उपयोग जाणणारा मनुष्य जवळ असला पाहिजे, असे कायद्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वी सांगितले.

आता नाशिकचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सातपूर व अंबड येथील कारखान्यांत हजारो माणसे कामास जातात. बाप सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत जातो, तेथे कायदा त्याच्या जिवाची तजवीज करून उभा असतो. त्याच सकाळी त्याची मुलगी शाळेच्या फाटकातून आत जाते. ती ज्या गाडीतून जाते त्या शाळेच्या बसमध्येही प्रथमोपचाराची पेटी असलीच पाहिजे, असा महाराष्ट्राचा २०११ सालचा नियम आहे. ती गाडीतून उतरते आणि शाळेत शिरते. शाळा कशी असावी हे ज्या कायद्याने ठरविले, तो २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यास एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात दर शिक्षकास एक वर्गखोली सांगितली आहे, मुलांमुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण, वाचनालय आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे. प्रथमोपचार हा शब्द त्या परिशिष्टात नाही. क्रीडांगण सक्तीचे आहे. क्रीडांगणावर पडलेल्या मुलाजवळ धावून जाणारा जाणता मनुष्य सक्तीचा नाही.

येथे एक शंका साहजिकच येते. मुलांस कोठले आले हृदयविकार? तो तर पन्नाशी उलटलेल्या माणसाचा आजार. ही समजूत अर्धीच खरी आहे. हृदयाकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबून जो झटका येतो तो बहुधा प्रौढांचाच. पण हृदय एकाएकी बंद पडणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिची कारणे कोवळ्या वयातही असतात. काहींच्या हृदयाची भिंत जन्मतःच जाड होत जाते, काहींच्या हृदयातील विजेच्या लहरींत आनुवंशिक दोष असतो, काहींची मुख्य रक्तवाहिनी भलत्याच जागेतून निघालेली असते. ही मुले दिसावयास धडधाकट असतात. किंबहुना शर्यतीत पुढे असणारीही असतात, आणि धावतानाच कोसळतात. क्वचित असेही घडते की, हृदय अगदी निर्दोष असता नेमक्या क्षणी छातीवर क्रिकेटचा चेंडू आदळतो आणि त्या आघातानेच ताल बिघडतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रविवारी सकाळी जो कोणी फेरफटका मारील त्यास किती चेंडू किती छात्यांच्या दिशेने जातात हे दिसेल. हे प्रसंग विरळ आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तरुणांत वर्षास लाखामागे एक-दोन असे त्यांचे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. परंतु मुलांचे हृदय बंद पडण्याची याहून नेहमीची वाट श्वासाची असते. गोदावरीच्या डोहात, विहिरीत वा शेततळ्यात बुडालेले मूल, विजेच्या तारेस चिकटलेले मूल, घशात घास अडकलेले मूल, ह्या सर्वांचा शेवट श्वास थांबून हृदय थांबण्यातच होतो, आणि त्या सर्वांस लागणारी पहिली मदत जवळजवळ एकच असते.

ती मदत कोणती, हे जगास १९६० साली नीट कळले. बेक ह्यांनी मुलाचे हृदय हातात घेतले होते. त्यासाठी छाती चिरावी लागली. तसे करणे शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर कोणास शक्य होते? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काउवेनहोव्हन नावाचे विजेचे एक वयोवृद्ध इंजिनिअर कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. १९५८ साली त्यांच्या निकरबॉकर नावाच्या तरुण सहकाऱ्याच्या नजरेस आले की, धक्का देण्याचे जड पत्रे कुत्र्याच्या छातीवर दाबले असता, वीज सोडण्यापूर्वीच, नुसत्या दाबाने त्याच्या धमनीतील रक्ताचा दाब वाढतो. एवढ्याशा निरीक्षणातून ज्यूड नावाच्या शल्यविशारदाच्या साहाय्याने त्यांनी छातीवर बाहेरून दाब देण्याची रीत बसविली, आणि १९६० च्या जुलैत वीस रुग्णांचा वृत्तांत छापला. त्यांपैकी चौदा जगले होते. ह्या शोधाचे नावीन्य असे की, त्यास शस्त्र नको, औषध नको, यंत्रही नको. दोन हात पुरतात. मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर व लहान मुलाची छाती तिच्या जाडीच्या तृतीयांशाइतकी खाली जाईल असा दाब, आणि जमत असेल तर मधून तोंडाने श्वास. एवढेच त्याचे सूत्र आहे. श्वास कोंडून हृदय थांबलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तोंडाने दिलेल्या श्वासाचे महत्त्व विशेष असते.

सूत्र सोपे असले तरी ते पुस्तकावरून येत नाही; हातास सवय व्हावी लागते. ती कोणावर करावयाची? जिवंत माणसाच्या छातीवर असा दाब देता येत नाही. ही अडचण नॉर्वेच्या एका खेळणी करणाऱ्याने सोडविली. स्टाव्हँगर शहरच्या आस्मुंड लेर्दाल ह्यांचा बाहुल्या व खेळण्यांतील मोटारी करण्याचा कारखाना होता. त्यांनी मऊ प्लॅस्टिकची माणसाएवढी बाहुली बनविली. तिची छाती दाबली जाई आणि तोंडातून फुंकलेली हवा आत जाई. तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा. ह्या बाहुल्या १९६१ च्या सुमारास नॉर्वेच्या शाळांतून गेल्या आणि तेथील मुले पाढ्यांबरोबर श्वास देण्याची रीतही शिकू लागली. खेळण्याच्या कारखान्यातून निघालेली वस्तू शाळेत जावी, ह्यात विशेष ते काय? पण त्या बाहुलीने जितके जीव वाचविले असतील तितके थोड्याच इस्पितळांनी वाचविले असतील.

शेजारच्या डेन्मार्कने पुढे जाऊन ह्या गोष्टीस कायद्याचे रूप दिले. २००५ साली तेथे प्राथमिक शाळांत हे शिक्षण सक्तीचे झाले व त्यापुढील वर्षी वाहन चालविण्याचा परवाना मागणारासही ते सक्तीचे केले गेले. ह्याचा हिशेबही त्या देशाने चोख ठेवला आहे. इस्पितळाबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसांपैकी ज्यांच्या छातीवर जवळच्या कोणी तरी दाब दिला, त्यांचे प्रमाण २००१ साली शेकडा २१ होते, ते २०१० साली शेकडा ४५ च्या जवळ गेले. आणि महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा साडेतीनवरून जवळजवळ अकरावर आले. ह्या सुधारणेचे सारे श्रेय शाळेसच आहे असे कोणी म्हणणार नाही. इतरही उपाय त्या काळात झाले. तरीही दहा वर्षांत तिप्पट माणसे वाचावीत, ही गोष्ट साधी नव्हे. जपानने वेगळा मार्ग धरला. तेथे शाळेतील मुलांची हृदयतपासणी १९७३ पासून कायद्याने होते आणि १९९५ पासून ठराविक इयत्तांत प्रवेश करणाऱ्या प्रत्येक मुलाचा विद्युत्-आलेख काढतात. तो मार्ग नाशिकास आज परवडेल असे वाटत नाही. लाखो आलेख काढणे एक वेळ जमेल; ते वाचणारी माणसे कोठून आणावयाची? आणि चुकून दोषी ठरलेल्या निरोगी मुलाच्या घरी जो हाहाकार उडेल त्याचे काय?

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नव्हे. हृदयाच्या रक्षणासाठी कायदा शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे, हे आकड्यांनीच दाखविता येते. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास मनाई केली. त्यापूर्वी १९९७ साली गोमंतकाने सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी करणारा स्वतःचा कायदा केला होता. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चरबी, मीठ व साखर ह्यांनी भरलेले पदार्थ दूर करण्याचा हुकूम काढला. २०२० च्या केंद्रीय नियमांनी अशा पदार्थांच्या विक्रीस शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरपर्यंत बंदी घातली. तेला-तुपातील घातक चरबीचे प्रमाण शेकडा दोनच्या वर जाऊ नये, असा नियम २०२२ च्या आरंभापासून आहे. पानपट्टीचे अंतर मोजणारा हा कायदा शाळेच्या उंबरठ्यापाशी मात्र थांबतो. पन्नास वर्षांनंतर हृदय बिघडू नये म्हणून तो आज तजवीज करितो. आज मधल्या सुट्टीत ते बंद पडले तर काय, ह्याविषयी तो मौन पाळतो.

शाळेच्या आतही एक चांगले काम चालू आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता अशी तुकडी गाडीतून गावोगाव फिरते आणि शाळांतील मुलांची वर्षातून एकदा, अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी करते. हजार जन्मांमागे सुमारे आठ बालकांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यांपैकी जी मुले घरी नुसती अशक्त म्हणून गणली जातात, त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकताच दोष बोलू लागतो. दुसरा विकार गरिबीतून उपजतो. एका विशिष्ट जंतूने घसा सुजतो, मागून सांधे धरतात व ताप येतो, आणि तो ताप हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करून जातो. ह्यावर पेनिसिलिनची सुई तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घेत राहणे हा खात्रीचा उपाय आहे. ते पेनिसिलिन पुण्याजवळ पिंपरीस १९५५ पासून तयार होऊ लागले. सयाजीरावांच्या तपासणीचा हा खरा वारस म्हणावयास हरकत नाही. पण ही तुकडी वर्षातून एक दिवस येते. शाळा भरते ती दोनशेहून अधिक दिवस.

उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न नाशिक शहरापेक्षा जिल्ह्याच्या पश्चिमेस अधिक तीव्र आहे. पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांत डोंगर चढून-उतरून गेले म्हणजे आश्रमशाळा लागतात. तेथील मुले शाळेत शिकतात, जेवतात आणि झोपतातही. आईबाप महिनोन्‌महिने दृष्टीस पडत नाहीत. शहरातील शाळेत पालकत्व पाच-सहा तासांचे असते. येथे ते अहोरात्र आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीपासून धावू लागल्या. आरंभीच त्यांची संख्या ९३७ होती आणि प्रत्येकीत डॉक्टर असे. ही सेवा मोठी आहे. पण घड्याळापुढे तिचा इलाज चालत नाही. हृदय बंद पडल्यावर मेंदूस इजा होण्यास चार-सहा मिनिटे पुरतात; विजेचा धक्का वेळीच मिळाला नाही, तर दर मिनिटास वाचण्याची आशा शेकडा सात ते दहाने घटत जाते. घाटातून येणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात ती मिनिटे केव्हाच सरतात. त्या मिनिटांत तेथे असतो तो शिक्षक, स्वयंपाकीण, अधीक्षक किंवा वर्गमित्र.

शिक्षकावर आधीच जनगणना, निवडणूक आणि खिचडी ह्यांचे ओझे आहे, त्यात आणखी हे कशास, असे म्हटले जाते. तक्रार खरी आहे. पण छातीवर दाब देण्याचा सराव दोन तासांत होतो आणि वर्षातून एकदा उजळणी केली की पुरते. दुसरी धास्ती दोषाची: मूल वाचले नाही तर खापर कोणाच्या माथी? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली व त्यास अनुसरून मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, मदतीस धावणाऱ्या माणसास जे संरक्षण दिले ते रस्त्यावरील अपघातांपुरते आहे. तथापि सद्भावनेने, दुसऱ्याच्या हितासाठी, संमती मिळविण्याइतकाही वेळ नसता केलेले कृत्य गुन्हा होत नाही, हे तत्त्व १८६० च्या दंडविधानाच्या ९२ व्या कलमात होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या ३० व्या कलमात ते कायम आहे. शिक्षकाच्या मनातील भीती ह्या कलमाने बरीचशी जावी; पण ते कलम शिक्षकास कोणी वाचून दाखविलेले नसते. राहिला धक्का देणाऱ्या यंत्राचा खर्च. यंत्र महाग आहे, आणि प्रत्येक वस्तीशाळेस ते आजच मिळावे असा आग्रह धरणे व्यवहारास सोडून होईल. आधी हात, मग यंत्र, हा क्रम असावा. मोठी विद्यालये, क्रीडास्पर्धांची मैदाने आणि आश्रमशाळा येथे मात्र यंत्रास अग्रहक्क द्यावा लागेल.

ह्यासाठी संसदेने नवा कायदाच करावा लागेल असेही नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २० व्या कलमाने केंद्र सरकारास एका अधिसूचनेने परिशिष्टात भर घालण्याचा अधिकार दिला आहे. प्रथमोपचाराची पेटी, दर दीडशे मुलांमागे एक प्रमाणपत्रधारक शिक्षक आणि वर्षातून एक सराव, अशा दोन-तीन ओळींचे हे काम आहे. कारखान्याच्या कायद्यातील शब्दांत कामगाराच्या जागी विद्यार्थी एवढा बदल पुरेल. तो कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता असल्याने नववीपासूनच्या मुलांसाठी राज्य सरकारास माध्यमिक शाळांच्या मान्यतेच्या अटींत हीच भर घालावी लागेल, आणि मैदानावर कोसळण्याचा धोका त्याच वयात अधिक असतो. आश्रमशाळांकरिता तर दिल्लीकडे पाहण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रातील सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकातच, गडकरी चौकात आहे; आणि राज्यातील डॉक्टर व परिचारिका घडविणारी महाविद्यालये ज्यास जोडलेली आहेत ते १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठही त्याच शहरात, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. एका कचेरीकडे मुले आहेत व दुसरीकडे शिकविणारी माणसे, आणि दोहोंमधला रस्ता पंचवटीवरून काही मैलांचाच आहे.